क्रियापदाची सोबत

दार उघडलं. एवढ्या दोन शब्दांत घटना पुरी होते, पण दिसत काहीच नाही. कोणाचं दार, कोणी उघडलं, कशासाठी, यातलं काही कळत नाही. आता याच वाक्याला एकेक छोटं क्रियापद किंवा प्रत्यय जोडून पाहावं. ‘दार उघडून दिलं’ म्हटलं की बाहेर कोणीतरी उभं राहतं, बहुधा दोन्ही हातांत पिशव्या घेतलेलं. ‘दार उघडून ठेवलं’ म्हणताच येणारं माणूस अजून वाटेत आहे हे कळतं, आणि घरात त्याची वाट पाहणारं कोणीतरी आहे हेही कळतं. ‘दार उघडून टाकलं’ यात खोलीचा कोंदटपणा आहे, वैताग आहे, हाताचा झटका आहे. ‘दार उघडेना’ म्हटलं तर आषाढातलं फुगलेलं लाकूड आणि त्याला लावलेला खांदा, दोन्ही समोर येतात. वाक्यं पाच, दार तेच, आणि मध्ये विशेषण एकही आलेलं नाही.

मराठी शाळेत वर्णन शिकवलं जातं ते मात्र विशेषणांतून. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध लिहिताना मुलाला निसर्गरम्य, मनमोहक, नयनरम्य, आल्हाददायक अशा शब्दांची शिदोरी दिली जाते. धरतीनं हिरवा शालू नेसलाच पाहिजे, अशी जणू अटच असते. व्याकरणाचा तास वेगळा असतो. त्यात प्रयोग ओळखायचा, समास सोडवायचा, काळ बदलायचा, आणि गुण मिळवायचे. हे दोन तास एकमेकांना कधी भेटत नाहीत. मुलाला कर्मणी प्रयोग ओळखता येतो, पण त्या प्रयोगानं एखादा प्रसंग कसा वेगवान होतो हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. मराठी वाक्याची चित्रं काढण्याची ताकद त्याच्या विशेषणांत थोडी आणि क्रियापदाच्या आजूबाजूला फार मोठी आहे. ही ताकद व्याकरणाच्या पुस्तकांत नीट नोंदवलेली आहे, फक्त तिच्याकडे लिहिण्याचं साधन म्हणून पाहिलं गेलेलं नाही.

पुस्तकं काही कमी नाहीत. विल्यम कॅरीनं १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आलं आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. आजही कोणी मराठी व्याकरणावर गंभीरपणे बोलू लागलं की दामल्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे दामले केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावानं मराठी कवितेला नवं वळण दिलं, दुसऱ्यानं मराठी वाक्याची हाडं न् हाडं मोजली. दोन्ही कामं एका घरात झाली ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे शाळेनं ती दोन वेगळ्या घरांत नेऊन ठेवली.

संयुक्त क्रियापदांपासूनच सुरुवात करावी, कारण मराठीची सगळ्यांत मोठी श्रीमंती तिथे आहे. ‘बोलणे’ हा एकच धातू घ्यावा. ‘तो बोलला’ ही नुसती बातमी. ‘बोलून गेला’ म्हणजे तोंडातून निसटलं, आणि आता शब्द परत घेता येत नाही. ‘बोलून बसला’ म्हणजे निसटलं तर खरंच, पण त्याचे परिणामही अंगावर आले. ‘बोलून टाकलं’ यात बरेच दिवस छातीत साठवलेलं एकदाचं बाहेर पडल्याची सुटका आहे. ‘बोलून दाखवलं’ यात समोरच्याला कळावं हा हेतू आहे, कधी टोमणाही आहे. ‘बोलून ठेवलं’ म्हणजे पुढच्या कामाची आधीच तजवीज केली. लग्नाच्या आचाऱ्याशी असंच बोलून ठेवलेलं असतं. ‘बोलून घेतलं’ म्हणजे संधी साधली, आपला मुद्दा मांडून घेतला. आणि ‘बोलत सुटला’ म्हटलं की त्याला थांबवायला धडपडणारी दोन-तीन माणसंही चित्रात येतात.

या सोबतच्या क्रियापदांचा मूळ अर्थ पुसट झालेला असतो, पण पूर्ण गेलेला नसतो. टाकणे या क्रियेतला हात झटकण्याचा भाव ‘खाऊन टाक’, ‘लिहून टाक’, ‘विकून टाकलं’ या सगळ्यांत शिल्लक आहे. ठेवणे यातली पुढची काळजी ‘झाकून ठेव’, ‘सांगून ठेव’ यात आहे. बसणे यातलं जागेवरून न हलणं ‘हरवून बसला’, ‘रुसून बसली’ यात आहे. म्हणून ‘आजी दार उघडून बसली’ हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं: ती खरोखर उंबऱ्याशी बसली आहे, किंवा तिनं नको तेव्हा दार उघडलं आणि आता पंचाईत झाली आहे. पुढचं वाक्य येईपर्यंत वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन्ही आज्या असतात. कथा लिहिणाऱ्याला अशी दुहेरी जागा आयती मिळते.

क्रियापदाच्या टोकाला लागणारा ‘-ना’ हाही असाच बहुमोल आहे. ‘उघडलं नाही’ हा निकाल झाला. ‘उघडेना’ हा झगडा झाला. ‘पाऊस थांबला नाही’ आणि ‘पाऊस थांबेना’ या दोन वाक्यांत पाऊस तेवढाच पडतो, पण दुसऱ्यात खिडकीशी उभं राहून पुन्हा पुन्हा आभाळाकडे पाहणारं माणूस आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ‘नाचता येत नाही’ अशी बदलून पाहावी; फजितीच निघून जाते. निर्जीव वस्तूलाही हा प्रत्यय स्वतःची इच्छा देतो. किल्ली लागेना, चूल पेटेना, गाठ सुटेना, गाडी चालू होईना. जणू त्या सगळ्यांनी हट्ट धरलेला असतो.

आणि हाच ‘-ना’ शक्य क्रियापदाला लागला की मराठी वाक्य किती थोड्या अक्षरांत किती खोल जातं ते पाहावं. शक्य क्रियापद म्हणजे ‘आजोबांना आता जिना चढवत नाही’ यातलं ‘चढवत’: करणाऱ्याच्या अंगात ती शक्ती आहे की नाही हे सांगणारं रूप. त्यातून बघवेना, ऐकवेना, राहवेना, सोडवेना ही रूपं निघतात. स्मशानातून सगळे परतले तरी ‘त्याला तिथून उठवेना’. या तीन शब्दांत शोक हा शब्द नाही, दुःख नाही, विषण्ण नाही, अश्रू नाहीत. फक्त पाय आहेत, आणि ते उचलत नाहीत.

याच्या शेजारी मराठीची आणखी एक रचना आहे, तिला व्याकरणानं अकर्तृक भावे प्रयोग असं जड नाव दिलं आहे. उजाडलं. सांजावलं. फटफटलं. गडगडलं. मळमळतं. कोणी उजाडवलं, कोण गडगडलं, असं विचारायची सोयच नाही. वाक्यात कर्ता नाही आणि त्याची गरजही नाही. निसर्गाचं वर्णन करणाऱ्यानं ‘सूर्यनारायणानं आपले सोनेरी किरण पसरले’ असं लिहिण्याआधी ‘उजाडलं’ हा एक शब्द कागदावर ठेवून पाहावा. त्याच्यापुढे ‘उजाडता उजाडता’, ‘अजून उजाडायचं होतं’, ‘चांगलं लख्ख उजाडलं’ अशा कितीतरी पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीवरचा प्रकाश वेगळा आहे. शेतकरी, दूधवाले, एसटीची पहिली गाडी पकडणारे लोक या पायऱ्या नेमक्या वापरतात. त्यांना त्यांची गरज असते.

मनाच्या अवस्थाही मराठीत बऱ्याचदा अशाच, कोणी न करता घडतात. माणूस राग करतो ते क्वचित. एरवी त्याला राग येतो. त्याला आठवतं, सुचतं, वाटतं, पटतं. आईला भरून येतं. मुलीला रडू कोसळतं, आणि मग ते आवरेनासं होतं. भावना बाहेरून येऊन माणसाला गाठते, असं हे व्याकरण सांगतं. ‘ती खूप रडली’ आणि ‘तिला रडू कोसळलं’ यात ‘खूप’नं जे साधत नाही ते वाक्याच्या ठेवणीनं साधतं. अशा ठिकाणी अतिशय, अत्यंत, प्रचंड हे शब्द लिहिणाऱ्यानं निर्दयपणे खोडावेत.

आवाजाच्या शब्दांकडे वळलं की मराठी थेट कानाला लागते. जेम्स मोल्सवर्थनं १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. त्याची पानं चाळताना अशा ध्वनींच्या शब्दांची रेलचेल पावलोपावली भेटते. या शब्दांना अनेकदा बालिश मानून गंभीर लेखनातून बाजूला ठेवलं जातं. पण त्यांचंही नेटकं व्याकरण आहे. पावसाचा किंवा गळक्या नळाचा एकच थेंब पडला तर तो टपकन पडतो. थेंबामागून थेंब, सारख्या अंतरानं पडू लागले तर ते टपटप. आणि वळवाचा पहिला मारा आला, थेंबांची गर्दी झाली, की टपाटप. मधला एक ‘आ’ आला आणि गती वाढली. खटकन, खटखट, खटाखट, सटकन, सटासट, धपकन, धपाधप. ‘-कन’ एका क्षणाचा, द्विरुक्ती सातत्याची, मधला ‘आ’ घाईचा. शिवाय ‘-दिशी’ आहेच: धाडदिशी, चटदिशी. हा नियम कोणी मुलांना शिकवत नाही, तरी चार वर्षांचं मूल ‘बॉल धपकन पडला’ आणि ‘चिंचा धपाधप पडल्या’ यात गल्लत करत नाही. लिहायला बसल्यावर मात्र तेच मूल मोठं होऊन ‘जोरदार पर्जन्यवृष्टी झाली’ असं लिहितं.

काळाची चित्रं कृदंतांकडे, म्हणजे धातूला ‘-ऊन’, ‘-त’, ‘-लेला’ असे प्रत्यय लागून होणाऱ्या रूपांकडे, आहेत. एका घरातली सकाळ घ्यावी: ‘पहाटे उठून, पाणी तापत ठेवून, गाईला वैरण टाकून, उंबऱ्यावर रांगोळी काढून ती पोरांना उठवायला वळली.’ यातली सगळी कामं एकामागून एक संपत जातात, पण एक संपत नाही. ‘तापत ठेवून’मधला ‘-त’ मागे चालूच राहतो. ती वैरण टाकते, रांगोळी काढते, आणि तिकडे पाणी तापतच असतं. दोन प्रत्ययांच्या फरकानं वाक्यात पुढची जागा आणि मागची जागा तयार झाली. तसंच पाण्याचं. उकळतं पाणी हात भाजवतं. उकळलेलं पाणी म्हटलं की घरात कोणीतरी आजारी आहे किंवा गावाला गढूळ पाणी आलं आहे. उकळून गार केलेलं पाणी म्हटलं की घरात तान्हं मूल आहे. आणि ‘पडता पडता वाचला’ या रचनेची तर कमाल वाटते: जी घटना घडलीच नाही, तीच आधी डोळ्यांना दिसते.

आठवणींसाठी मराठीनं एक वेगळाच काळ जपून ठेवला आहे. ‘आजोबा पहाटे उठत, विहिरीवर जात, आणि अंघोळ करून येताना मोठ्यानं स्तोत्र म्हणत.’ ‘आजी जात्यावर बसे, दळता दळता ओव्या गाई.’ हा रीतिभूतकाळ. बोलताना आता लोक ‘बसायची, गायची’ असंच म्हणतात, आणि त्यातही गोडवा आहे, पण ‘बसे, गाई’ या रूपांतलं अंतर त्यात नाही. तो काळ मिटला, ती माणसं आता नाहीत, हे ‘गाई’ न सांगता सांगतं. गंमत अशी की हीच रूपं जुन्या मराठीत वर्तमानकाळाची होती. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला ‘पिळी’ अजून त्या जुन्या वर्तमानात उभा आहे; बळी माणूस पूर्वी पिळत असे असा त्याचा अर्थ नाही, तो आजही पिळतो. सात-आठशे वर्षांत एक वर्तमानकाळ सरकत सरकत आठवणींचा काळ झाला, आणि म्हणींनी त्याचा जुना अर्थ सांभाळून ठेवला.

लिंगाची गोष्ट थोडक्यात, पण सोडून देता येणार नाही. मराठीत लिंगानं आकार दिसतो: डबा-डबी, सुरा-सुरी, विळा-विळी, दांडा-दांडी. आणि नपुंसकलिंगानं नातं दिसतं. ‘दारात कुत्रा बसला होता’ म्हटलं तर तो बहुधा कोणाचा तरी आहे, कदाचित भुंकेल. ‘दारात कुत्रं बसलं होतं’ म्हटलं की ते कोणाचंच नाही, भिजलेलं आहे, अंग चोरून बसलं आहे. पोरगा, पोरगी आणि पोरगं यांतही तसंच. ‘ते पोरगं दिवसभर उपाशी’ या वाक्यात कणव ‘बिचारं’ या शब्दाआधीच येऊन पोचलेली असते.

हे सगळं वापरण्यासाठी फार शिकलेलं असावं लागतं असं नाही, हे मराठी साहित्यानंच दाखवून दिलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं रीतसर शिक्षण मिळालं नव्हतं. तरी ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मराठी गद्याच्या शिखरांत मोजलं जातं, आणि त्यातला प्रसंग क्रियापदांच्या जोरावर पुढे धावतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपानं आली. त्यांची खानदेशातली बोली प्रमाण मराठीहून वेगळी, पण क्रियेकडे पाहण्याची नजर त्या बोलीतच होती. व्याकरण बोलीत आधी असतं, पुस्तकात नंतर येतं. पुस्तक वाचून ते विसरण्याचा धोका मात्र असतो.

तो धोका कुठे दिसतो? रोजच्या वर्तमानपत्रात. ‘पाऊस पडण्यास सुरुवात झाली.’ ‘नागरिकांकडून नाराजी व्यक्त करण्यात आली.’ ‘रस्त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार आहे.’ या वाक्यांत क्रियापदाचं नाम करून टाकलं आहे, आणि मग त्या नामाला ‘करणे’ किंवा ‘होणे’ या थकलेल्या क्रियापदानं ओढत नेलं आहे. माणसं चिडली, ओरडली, कचेरीत जाऊन बसली, हे सगळं ‘नाराजी व्यक्त’ या दोन शब्दांखाली गाडलं गेलं. ‘करण्यात आले’ या रचनेचा आणखी एक दोष गंभीर आहे: त्यात करणारा नाहीसा होतो. झाडं तोडण्यात आली, कोणी तोडली? सरकारी पत्रात ही रचना शिरली त्याला काही कारणं असतील, पण बातमीदारानं आणि लेखकानं ती उचलायची काहीच गरज नाही.

कर्ता गाळण्याची चांगली रीतही मराठीत आहे, आणि ती कुस्तीच्या मैदानावर ऐकायला मिळते. हलगी वाजत असते, आणि निवेदक भूतकाळाच्या कर्मणी रूपांवर भरधाव जातो: हात घातला, पट काढला, उचललं, आपटलं! कोणी उचललं हे सांगायला वेळ नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण सगळं मैदान त्याच्याकडेच पाहत असतं. इथे कर्ता लपवलेला नाही, तो इतका समोर आहे की त्याचं नाव घेणं फुकट जाईल. आकाशवाणीवर क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत करणाऱ्या बाळ ज. पंडितांसारख्यांपुढे तर याहून अवघड काम होतं. त्यांच्या श्रोत्यांना मैदान दिसतच नव्हतं. अशा वेळी शब्दांचा क्रमही कामाला येतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी बसतं, म्हणून ते पुढे आणलं की वाक्य दचकून उठतं. ‘पाऊस आला’ ही नोंद आहे, ‘आला पाऊस!’ ही अंगणातले कपडे काढायला लागलेली धाव आहे. ‘गाडी गेली’ आणि ‘गेली गाडी!’ यातला फरक फलाटावर धापा टाकत पोचलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही.

परीक्षेत प्रयोग ओळखायला सांगतात, ते सांगावंच. पण त्याच्याबरोबर एखादा धातू देऊन त्याची पाच सोबती-क्रियापदांसह पाच वाक्यं लिहायला सांगितली, आणि प्रत्येक वाक्यातलं माणूस कसं आहे हे एका ओळीत विचारलं, तर व्याकरणाचा तास निबंधाच्या तासाला येऊन मिळेल. नागपूरकडच्या मुलाला त्यात त्याचं ‘करून राहिला’ लिहू द्यावं. ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवतो आहे. पुण्याच्या कानाला ते वेगळं वाटतं, पण चालू असलेली क्रिया थोडी रेंगाळत दाखवायची त्याची ढब त्या भागातल्या प्रत्येक घरात रोज वापरली जाते.

आणि नव्या मुलांच्या बोलण्याकडेही कान द्यावा. ‘झोप येईना’ हे रूप त्यांच्या तोंडी कमी येतं, त्याऐवजी ‘झोपच येत नाहीये’ ऐकू येतं. अनेकांना ही झीज वाटते. पण नीट पाहिलं तर दोन रूपं एकमेकांची जागा घेत नाहीत. ‘झोप येईना, म्हणून तो उठून गच्चीत गेला’ हे दुसऱ्या दिवशी सांगितलं जातं, गोष्ट म्हणून. ‘झोपच येत नाहीये’ हे रात्री दोन वाजता मोबाइलवर लिहिलं जातं, अंथरुणातूनच. ‘नाही’ आणि ‘आहे’ एकत्र येऊन झालेला हा ‘नाहीये’ या क्षणापुरताच उभा आहे, आणि त्याच्या आधीचा ‘च’ कूस बदलतो आहे. दादोबांच्या व्याकरणात तो शोधण्यात अर्थ नाही. कादंबरी लिहिणाऱ्यांनी मात्र तो आतापासूनच कानात साठवून ठेवावा, कारण त्यांच्या पात्रांना तो लागणार आहे.